उलट्या बाजूची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. जुनी आहे, पण मोडकी नाही, हे आधीच सांगून ठेवते. कारण मित्रांनो, वस्तू जुनी आहे म्हटलं की लोक लगेच तिच्या पायांकडे बघतात. माझा मागचा डावा पाय जरा डुगडुगतो, एवढंच. त्याखाली कागदाची घडी सरकवली की मी पहिल्यासारखी ताठ उभी राहते. अंग सागवानाचं, बैठक आणि पाठ वेताची, आणि पाय कर्कटक उघडून उभं केल्यासारखे फाकलेले. ज्यांना माहीत आहे ते मला पाहताच म्हणतात, "ही चंडीगडची दिसते." मला ते ऐकायला आवडतं. गर्व म्हणा हवं तर.

मी जन्मले तेव्हा हे शहर नवंकोरं होतं. रस्ते आखून झाले होते, झाडं अजून कमरेएवढीच होती, आणि नव्या कचेऱ्यांना खुर्च्या हव्या होत्या. एकाच साच्यातल्या आम्ही कितीतरी बहिणी ट्रकमधून उतरलो आणि पांगलो. मी एका कचेरीत टेबलामागे जाऊन बसले. तिथं माझ्यात बसणारे साहेब बदलत गेले, पण बोलणं एकच राहिलं: "कल आना." टेबलापलीकडे माणसं उभी राहून आपलं म्हणणं सांगायची आणि माझ्यात बसलेला माणूस खिडकीबाहेर बघायचा. मला वाटायचं, ह्या दोघांनी एकदा जागा बदलली तर काय बिघडेल? पण खुर्चीला कोण विचारतो.

पुढे गरागरा फिरणाऱ्या, चाकांच्या खुर्च्या आल्या आणि आम्हाला गच्चीवर नेऊन एकीवर एक रचलं. तिथं मी ऊन खाल्लं, पाऊस खाल्ला, कबुतरांनी तर माझ्या मांडीवर संसार थाटला. वेत फाटला. मग एके दिवशी आमची रवानगी शहराच्या कडेच्या मनीमाजऱ्याच्या भंगारवाल्याकडे झाली. आमच्यातल्या काही जणींचं नशीब फळफळलं म्हणे. त्या परदेशात मोठ्या दिमाखात राहतात आणि त्यांच्यावर कुणाला बसू देत नाहीत. मला त्यांचा मुळीच हेवा वाटत नाही. जिच्यावर बसायला मनाई, ती कसली खुर्ची?

माझं नशीब अशोकराव आणि चारुशीलाबाईंच्या रूपानं आलं. अशोकराव मूळचे मिरजेचे. वायुदलात विमानांच्या इंजिनांची कामं करण्यात त्यांचा जन्म गेला. शेवटची बदली इथली, तेव्हा इथलेच झाले. चारुशीलाबाई शाळेत नागरिकशास्त्र शिकवायच्या. त्या पाण्याच्या हौदाला झाकण शोधायला भंगारात आल्या होत्या. अशोकरावांनी मला उलटी केली, ठोकून पाहिली आणि म्हणाले, "लाकूड पक्कं आहे." त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक निघत नाही, हे मला पुढे कळलं. त्यांनी माझा वेत नव्यानं विणून घेतला आणि मी सेक्टर अडतीसमधल्या त्यांच्या बैठकीच्या खोलीत आले.

ह्या घरी रविवारी सकाळी माणसं जमायची. पलीकडच्या गल्लीतल्या कांचनताई यायच्या. त्यांचे यजमान कर्नल होते, ते गेल्यावरही त्या इथंच राहिल्या. जवळच्या खरड गावाहून अंबरीश यायचा. तो अमरावतीचा, मोहालीत कंपनीत कामाला आणि घरच्या पोह्यांसाठी कुठंही जायला तयार. वरच्या मजल्यावरचे सोढीजी यायचे. त्यांना मराठी समजत नव्हतं, पण भांडण कुठल्याही भाषेतलं समजायचं. आणि घरची लेक ईश्वरी. तीही मोहालीलाच नोकरीला होती. पस्तिशी गाठली होती, लग्न केलं नव्हतं, करायचंही नव्हतं, आणि त्यावर आता घरात कुणी बोलत नव्हतं.

पोहे संपले की वाद सुरू. साधेसुधे नव्हेत हं. असाध्य आजारानं खितपत पडलेल्या माणसाला मरण मागण्याचा हक्क असावा का? एका रविवारी ह्यावरून अशोकराव आणि कांचनताईंची अशी जुंपली, की चहा निवून त्यावर साय धरली. शेवटी चारुशीलाबाईंनी चमचा बशीवर आपटला. माझ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "आजपासून नियम. ज्याचा आवाज चढेल, त्यानं त्या खुर्चीत जाऊन बसायचं आणि समोरच्याची बाजू मांडायची. मनापासून. नुसती वेळ मारून नेली, तर सगळ्यांच्या कपबश्या विसळायच्या."

अशी मी उलट्या बाजूची खुर्ची झाले. कचेरीत असताना मी जे मनात धरलं होतं, ते ह्या बाईंनी चमच्याच्या एका ठोक्यात करून टाकलं.

मित्रांनो, त्यानंतरचे रविवार माझ्या आयुष्यातले सगळ्यात गोड. कांचनताई म्हणजे कांदासुद्धा जपून खाणाऱ्या. मांसाहार पाप आहे असं त्या तावातावानं म्हणाल्या आणि बसल्या माझ्यात. आधी कडेला टेकल्या, मग हळूहळू मागे रेलल्या, आणि डोंगरातल्या, बर्फातल्या, कोळ्यांच्या घरातल्या माणसांची बाजू अशी काही मांडली, की सोढीजींनी उठून त्यांना तंदुरी कोंबडीचं आमंत्रण दिलं. अर्थात त्या गेल्या नाहीत. पण त्यानंतर त्यांनी कुणाच्या ताटाकडे नाक मुरडलं नाही. अंबरीशचं मत होतं, की म्हाताऱ्या आईवडिलांना वृद्धाश्रमात ठेवणारी मुलं नालायक. त्याला उलट बोलावं लागलं, आणि बोलता बोलता त्याला आपली थकलेली वहिनी आठवली. त्या दिवशी दुपारी त्यानं तिला फोन केला. मी कुणाचं मत बदलत नसे. आठवड्यातून एकदा माणसाला दुसऱ्याच्या घरात डोकावायला लावायचे, इतकंच. बसणारा माणूस खरं बोलायला लागला की त्याचं वजन माझ्या वेतावर सारखं पसरतं. तोवर तो नुसता टेकलेला असतो.

सगळ्यात जास्त वेळा माझ्यात कोण बसलं असेल? अशोकराव. कारण आवाज त्यांचाच चढायचा. हा माणूस मायेचा, पण माया तोंडावाटे बाहेर पडायची नाही. ईश्वरी परीक्षेत पहिली आली तेव्हा ह्यांनी तिच्या स्कूटरचं ऑइल बदललं. चारुशीलाबाईंना ताप आला तेव्हा ह्यांनी घरातले सगळे नळ दुरुस्त केले. सरळ शब्दांत काही सांगायची वेळ आली, की हे पान्हा शोधायला जायचे. माझ्यात बसले की मात्र बोलायचे, कारण तिथं बोललेलं आपलं नसतं, ही त्यांना सोय होती.

एका रविवारी ईश्वरी म्हणाली, "आजचा प्रश्न मी देते. एकट्या बाईनं मूल दत्तक घ्यावं का?"

अशोकराव क्षणात पेटले. "मुळीच नाही. मुलाला बाप लागतो. बिनबापाचं घर म्हणजे काय, ते पुस्तकात वाचून कळत नाही. शाळेत, गल्लीत, लग्नात जो तो विचारतो. हौस म्हणून आपण मूल आणायचं आणि उत्तरं त्यानं देत फिरायचं? हा कुठला न्याय?"

"अहो, आवाज," चारुशीलाबाई म्हणाल्या.

आले अशोकराव माझ्याकडे. बसले. घसा खाकरला. सोढीजी होते म्हणून हिंदीत सुरुवात केली, पण दोन वाक्यांत मराठीवर आले. त्यांचे वडील ते चार वर्षांचे असताना गेले होते. आईनं मिरजेत खानावळ चालवली. "चाळीस माणसांच्या भाकऱ्या थापून ती माझा अभ्यास घ्यायची," ते म्हणाले. "तिला इंग्रजी येत नव्हतं. तरी पुस्तक माझ्यासमोर धरून बसायची. मी चुकलो की तिला कळायचं. कसं कळायचं कुणास ठाऊक. घरात बाप नव्हता, पण घर रिकामं होतं असं मला कधी…"

इथं ते थांबले. त्यांचं सगळं वजन माझ्या वेतावर सारखं पसरलं होतं.

ईश्वरीनं हीच वेळ निवडली. निवडायला नको होती, पण धीर असा पुन्हा पुन्हा गोळा होत नाही. ती म्हणाली, "बाबा, मी अर्ज केलाय. संस्थेच्या बाई घर बघायला येणार आहेत. घरातल्यांची साथ आहे का, हे त्या विचारतात. मला तुम्ही हवे आहात."

अशोकराव ताडकन उठले. माझा मागचा डावा पाय तेव्हापासूनच डुगडुगायला लागला. "म्हणजे हा खेळ माझ्यासाठी मांडला होता," ते म्हणाले. "माझ्या आईला ह्यात ओढायला लावलंत तुम्ही मला." आणि चपला घालून निघून गेले.

त्यानंतर ते दर रविवारी सकाळीच सुखना तलावावर फिरायला जाऊ लागले. जेवणं व्हायची, नळ दुरुस्त व्हायचे, पण बापलेकीत बोलणं म्हणजे "मीठ दे" आणि "घ्या" एवढंच उरलं. ईश्वरीनं अर्ज मागे घेतला नाही, पण फोन वाजला की तिचा चेहरा उतरायचा. घरचे वडीलच विरोधात आहेत हे संस्थेच्या बाईंना दिसलं, तर त्या काय म्हणतील? आणि त्या काही म्हणाल्या नाहीत तरी, आजोबांनी तोंड फिरवलेल्या घरात मूल कसं आणायचं? रविवारची माणसं यायची, पोहे खायची, हवापाण्याच्या गप्पा मारून उठायची. आवाज कुणाचाच चढत नव्हता. माझ्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग साचला. गच्चीवरची कबुतरं परवडली, असं मला वाटलं.

एका दुपारी घरात दुसरं कुणी नव्हतं. अशोकरावांनी तो ढीग उचलून बाजूला ठेवला आणि माझ्यात बसले. ऐकायला कुणी नसताना माझ्यात बसलेले मी त्यांना प्रथमच पाहत होते. तोंड उघडायचे, मिटायचे. दोन्ही हात माझ्या हातांवर घट्ट. शेवटी एकच शब्द बाहेर पडला: "आई." मग त्यांनी कपडे पुन्हा होते तसे रचले, आणि जाऊन गॅसची नळी तपासली.

आता जे घडलं ते नीट ऐका, कारण त्यात चूक आमच्या घराची होती.

पंजाबात दारात आलेल्या माणसाला आधी खायला घालतात आणि नाव मग विचारतात. इतक्या वर्षांत आमच्या घरानं ही चाल पुरती उचलली होती. त्या रविवारी दाराशी एक बाई उभ्या होत्या. सोढीजींनी दार उघडलं आणि त्या कांचनताईंच्या ओळखीच्या असतील असं समजून म्हणाले, "आओ जी, आओ." कांचनताईंना वाटलं, ही सोढीजींची भाची. अंबरीशला वाटलं, ईश्वरीची ऑफिसातली मैत्रीण, म्हणून त्यानं उठून आपली जागा दिली. बाईंनी काही सांगायला तोंड उघडलं, तोच चारुशीलाबाईंनी त्यांच्या हातात पोह्यांची बशी दिली. ईश्वरीनंही कुणाच्या तरी पाहुण्या असतील असं समजून लिंबाची फोड वाढली. सगळ्यांनी हसून माना डोलावल्या. त्या बाई म्हणजे संस्थेच्या गुरलीन मॅडम होत्या. त्या पुढच्या आठवड्यात येतील अशी सगळ्यांची समजूत, आणि त्या आदल्याच रविवारी, नोकरदार माणसं घरी सापडतात म्हणून, आल्या होत्या.

नेमके त्याच सकाळी अशोकराव तलावावर गेले नव्हते. ते आतून आले. कुणाकडे न बघता त्यांनी माझ्यावरचे कपडे उचलले, सोफ्यावर टाकले आणि माझ्यात बसले.

"मागचा प्रश्न अर्धा राहिला होता," ते हिंदीत म्हणाले. "आज माझा आवाज चढलेला नाही. तरी मी आपण होऊन ह्या खुर्चीत बसलोय. सगळ्यांनी लक्षात ठेवा, कुठे बसलोय ते." मग ईश्वरीकडे पाहून ते ठणकावून बोलले, "मेरी राय में ईश्वरी को बच्चा बिल्कुल गोद नहीं लेना चाहिए."

चारुशीलाबाईंचा चमचा हवेतच राहिला. कांचनताईंनी पदर तोंडाला लावला. ईश्वरी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिचे डोळे भरत होते आणि ती हसत होती. नियम सगळ्यांना पाठ होता. माझ्यात बसून माणूस स्वतःच्या मताच्या उलट बोलतो. विरोध असता, तर अशोकराव समोरच्या सोफ्यावर बसून बोलले असते.

त्यांना आता जोर चढला. ह्या घरात मुलाचं काय होणार? आजोबा आहे तो खडूस. तो त्याला सायकल शिकवायला मागे पळणार नाही. शाळेच्या बसपर्यंत सोडायला जाणार नाही. बाप नाही म्हणून कुणी हसलं, तर हा आजोबा गप्प बसणार. असल्या घरात मूल आणणं म्हणजे त्याच्यावर अन्याय. अंबरीशनं शिट्टी वाजवली. सोढीजी मिशीतल्या मिशीत हसत टाळ्या वाजवू लागले. इतका आनंद त्या खोलीत मी कधी पाहिला नव्हता.

आणि कोपऱ्यातल्या बाईंनी बशी खाली ठेवली. "माफ़ कीजिए," त्या उभ्या राहून म्हणाल्या, "मैं गुरलीन. ईश्वरी जी की अर्ज़ी के सिलसिले में घर देखने आई थी."

सगळे एकदम बोलायला लागले. कांचनताई मराठीत, सोढीजी पंजाबीत, अंबरीश इंग्रजीत. मॅडम, ही खुर्ची वेगळी आहे. मॅडम, इथं सगळं उलट असतं. गुरलीन मॅडमनी हात वर केला. त्या रागावल्या नव्हत्या, पण त्यांचा चेहरा गंभीर होता.

"घर के बुज़ुर्ग ने मना किया, यह मैंने अपने कानों से सुना. उस पर आप सब ताली बजा रहे थे. अब आप कहते हैं, मतलब उलटा है. मैं किस बात को मानूँ?" मग त्या अशोकरावांकडे वळल्या. "अंकल जी, आप इस कुर्सी से उठिए. जो सच में मानते हैं, वह सीधा कहिए."

मित्रांनो, ह्या माणसाला विमानाचं इंजिन उघडून दे म्हटलं असतं तर त्यानं डोळे मिटून दिलं असतं. पण सरळ सांग म्हटल्यावर तो माझे हात धरून बसून राहिला. मी मनात म्हटलं, उठा हो अशोकराव. मी तुम्हाला पुष्कळ लपवलं. आज माझा उपयोग नाही.

ते उठले. समोर एक साधा स्टूल होता, त्यावर बसले. पान्हा शोधावा तसे त्यांचे डोळे खोलीभर फिरले. मग त्यांनी हिंदीत सुरुवात केली. "मॅडम, मेरी माँ अकेली थी. उसने मुझे पाला. लोग कहते हैं, मैं ठीक ही बना." त्यापुढचं हिंदीत जमेना. त्यांनी मान वळवली आणि मराठीत, हळू आवाजात बोलले.

"ईशू, मला भीती वाटली होती. लहानपणी मला जे ऐकावं लागलं, ते तुझ्या लेकराला ऐकावं लागेल म्हणून. पण मी आईला कधी विचारलंच नाही, की तू एकटी पुरे पडलीस का. ती पुरली होती गं. तूही पुरशील. आणि तू एकटी नाहीस, मी आहे. मूल आण. मला आजोबा व्हायचंय."

ईश्वरी येऊन त्यांच्या पायाशी बसली आणि तिनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. चारुशीलाबाई उघड रडत होत्या. सोढीजींना मराठीचा एक शब्द कळला नव्हता, तरी सगळ्यात मोठा रुमाल त्यांनीच काढला.

अंबरीशनं गुरलीन मॅडमना ते सगळं हिंदीत सांगितलं. मग त्या शांतपणे चालत आल्या आणि माझ्यात बसल्या. कडेला टेकल्या नाहीत. एकदम मागे रेलून, ऐसपैस. मला त्यांचं वजन कळलं आणि पुढचं सगळं समजलं.

"मेरी राय में," त्या करड्या आवाजात म्हणाल्या, "यह घर बच्चे के लिए बिल्कुल ठीक नहीं है."

क्षणभर कुणाला उमजलं नाही. मग सगळ्यात आधी अशोकराव हसले. असे हसले, की वरच्या मजल्यावरून सोढीजींची बायको काय झालं ते बघायला खाली आली. तिलाही आधी पोहे मिळाले.

पुढे सगळं लगेच झालं असं नाही. मॅडम पुन्हा दोनदा आल्या, आणि यादीत नंबर लागायला मोठी वाट बघावी लागली. पण गुलमोहर दुसऱ्यांदा फुलला तेव्हा मधुरिमा घरी आली. आता ती तीन वर्षांची आहे. ती चारुशीलाबाईंशी मराठीत, सोढीजींशी पंजाबीत आणि माझ्याशी लाथांनी बोलते. तिच्या नानखटाईचा चुरा माझ्या वेताच्या घरांत जाऊन बसला आहे. अशोकराव रोज संध्याकाळी तिच्या तीनचाकी सायकलमागे पळतात, आणि रविवारी अजून त्यांचा आवाज चढतो. पण सरळ बोलायचं असेल तेव्हा ते आता पान्हा शोधत नाहीत. स्टूल ओढतात.

तर अशी माझी कहाणी. इथवर जे सांगितलं ते सगळं सरळ सांगितलं. पण खुर्चीनं शेवटी आपली काळजी घ्या म्हणून विनवायचं असतं, आणि ती विनंती मी माझ्या घरच्या नियमाप्रमाणेच करणार. मी कुठून बोलते आहे, हे तुम्ही ध्यानात ठेवा.

मित्रांनो, मी अगदी निरुपयोगी वस्तू आहे. माझा वेत सैल झाला तर विणून घेऊ नका. माझ्या डाव्या पायाखाली घडी ठेवायची मुळीच तसदी घेऊ नका. आणि ज्याच्याशी तुमचं अजिबात पटत नाही, त्याची बाजू घेऊन घटकाभर माझ्यात बसून बघायची तर तुम्हाला काडीचीही गरज नाही.